स्कीइंगचं अॅप बनवताना: आधी चढ, उतार आणि थांबा ओळखा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातले तिघे जण स्कीइंग आणि स्नोबोर्डिंगची नोंद ठेवणारं मोबाइल अॅप बनवत आहेत. फ्लटरमध्ये (आयफोन आणि अँड्रॉइडसाठी एकत्र अॅप लिहिण्याचं साधन) पहिली आवृत्ती तयार आहे, नकाशा आणि आलेख छान दिसतात. पण मागच्या हिवाळ्यात औलीला नेऊन पाहिलं, तर सात रन (वरून खालपर्यंतची एक उतरण म्हणजे एक रन) केलेल्या माणसाच्या नावावर एकोणीस रन लागले, दिवसभराची एकूण उतरण खऱ्याच्या दुप्पट आली आणि दोन फोन भर दुपारी बंद पडले. येत्या जानेवारीत सहा दिवस गुलमर्गला जायचं आहे. त्याआधी काय दुरुस्त करावं आणि कुठल्या क्रमाने?

गेली नऊ वर्षं मी लोकेशनवर चालणारी अॅप्स लिहिते, त्यातले पाच हिवाळे स्कीइंगच्या अॅपवर गेले. तुमच्या तीन तक्रारींपैकी पहिल्या दोघींचं मूळ एकच आहे: उंची. तिसरीचं मूळ थंडी आणि फोनची ऑपरेटिंग सिस्टीम. नकाशा आणि आलेख सध्या बाजूला ठेवा. ते चांगले झाले आहेत, पण त्यांच्यात जाणारा आकडाच चुकीचा आहे.

धावण्याच्या अॅपचा अनुभव घेऊन लोक इकडे येतात आणि इथेच फसतात. धावणारा घरातून निघतो, धावतो, परत येतो. सगळी नोंद म्हणजे व्यायाम. स्कीच्या दिवसाचा मोठा भाग मात्र माणूस स्की करतच नसतो. तो लिफ्टच्या रांगेत असतो, लिफ्टवर बसलेला असतो, कहवा पीत असतो, बूट सैल करत असतो. म्हणून तुमच्या अॅपला प्रत्येक क्षणी एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे: हा माणूस चढतोय, उतरतोय की थांबलाय? रनची संख्या, उतरण, वेग, अंतर, सगळं या उत्तरातून निघतं. ते चुकलं की पुढचं सगळं चुकतं.

आता उंची. जीपीएसची उभी चूक आडव्या चुकीपेक्षा जास्त असते, आणि त्याचं कारण साधं आहे. आडव्या दिशेत उपग्रह तुमच्या चहूबाजूंना असतात, त्यामुळे एका बाजूची चूक दुसरी बाजू सावरते. उभ्या दिशेत सगळे उपग्रह वर, पायाखाली पृथ्वी. सावरायला कोणी नाही. त्यामुळे माणूस वरच्या स्टेशनबाहेर शांत उभा असतानाही उंचीचा आकडा दहा-वीस मीटर वर-खाली डुलत राहतो. तुम्ही दर सेकंदाचा फरक काढून सगळे उतार बेरजेत घेत असणार. मग उभ्याउभ्या डुलण्याचीही बेरीज होते. दुप्पट उतरण आली ती अशी. त्याच डुलण्याने एका रनचे तीन तुकडेही पाडले.

उपाय म्हणजे बॅरोमीटर, हवेच्या दाबावरून उंची सांगणारा फोनमधला सेन्सर. आयफोनमध्ये तो २०१४ च्या आयफोन ६ पासून आहे. अँड्रॉइडच्या महागड्या फोनमध्ये बहुतेक असतो, स्वस्त फोनमध्ये बहुतेक नसतो. लगतच्या दोन क्षणांमधला उंचीचा फरक तो मीटरभराच्या आत सांगतो. मात्र दोन गोष्टी नीट समजून घ्या. समुद्रसपाटीजवळ दाबातला १ हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे साधारण ८ मीटर. ३००० मीटरवर तोच फरक ११ मीटरच्या वर जातो. म्हणजे ‘१ हेक्टोपास्कल म्हणजे ८ मीटर’ असा ठोकताळा कोडमध्ये लिहिलात तर गुलमर्गला प्रत्येक रन जवळपास एक चतुर्थांशाने कमी भरेल. पूर्ण सूत्र वापरा, शक्य तर तापमानाची दुरुस्तीही करा. दुसरं, हवामान बदललं की दाब बदलतो. हिमवादळ येत असेल तर माणूस एका जागी बसलेला असतानाही दुपारपर्यंत उंची चाळीस-पन्नास मीटरने ‘वाढलेली’ दिसेल.

म्हणून दोघांना कामं वाटून द्या. क्षणाक्षणाचा फरक बॅरोमीटरकडून घ्या आणि त्याचा पाया जीपीएसने हळूहळू, काही मिनिटांच्या सरासरीने, सरकवत राहा. जीपीएस स्वतःच्या उभ्या अचूकतेचा अंदाज देतो. तो वाईट असेल तेव्हा त्याचं वजन जवळपास शून्य करा. यासाठी दोन्ही आकड्यांची त्यांच्या भरवशाप्रमाणे सांगड घालणारा मोठा कालमन फिल्टर लिहिलात तर उत्तम. दोन्ही आकडे ठरावीक वजनाने मिसळणारा साधा पूरक फिल्टरही पहिल्या वर्षाला पुरतो.

वाऱ्याचा एक त्रास आहे आणि तो कुठल्याही माहितीपत्रकात सापडत नाही. माणूस ताशी ६० किलोमीटरने येत असेल आणि खिसा उघडा असेल, तर समोरच्या हवेचा दाब हेक्टोपास्कलभराने वाढू शकतो. त्या उंचीवर ती दहा-पंधरा मीटरची खोटी उतरण झाली. ही चूक नेमकी रन चालू असतानाच येते, त्यामुळे सरासरीत विरून जात नाही. दहा-पंधरा सेकंदांचा मध्यक घ्या, आणि मुख्य म्हणजे रनची उतरण त्याच्या दोन टोकांवरून काढा: वर थांबलेला असतानाची उंची वजा खाली थांबलेला असतानाची उंची. दोन्ही टोकांना माणूस जवळजवळ स्थिर असतो, वारा नसतो, आकडा शांत असतो. दर सेकंदाच्या बेरजेची गरजच उरत नाही. या एका बदलाने तुमच्या तक्रारीतला बराचसा भाग आठवडाभरात मिटेल.

अँड्रॉइडवर आणखी एक खाच. तिथली नेहमीची उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून मोजलेली असते, समुद्रसपाटीपासून नव्हे. आयफोन समुद्रसपाटीपासूनची देतो. आल्प्समध्ये या दोन्हींत सुमारे ५० मीटरचा फरक पडतो. रनच्या उतरणीवर याचा परिणाम होत नाही, पण ‘आजचा सर्वोच्च बिंदू’ दोन मित्रांच्या फोनवर वेगळा दिसतो आणि लोकांचा अॅपवरचा विश्वास उडतो. अँड्रॉइड १४ पासून समुद्रसपाटीची उंची वेगळी मागता येते. जुन्या फोनसाठी दुरुस्तीचा तक्ता अॅपमध्येच ठेवा.

उंची सुधारली की मग ओळख. ‘वर गेला म्हणजे लिफ्ट, खाली आला म्हणजे रन’ एवढ्यावर थांबू नका. प्रत्येक अवस्थेतून बाहेर पडायला उंबरठा ठेवा. मी साधारण २५ ते ३० मीटरची सलग चढण दिसल्याशिवाय लिफ्ट सुरू झाली असं धरत नाही, आणि तेवढीच सलग उतरण दिसल्याशिवाय रन सुरू झाला असं मानत नाही. मधे माणूस मित्रांची वाट बघत पाच मिनिटं उभा राहिला तरी रन तोच. लिफ्ट वाऱ्यामुळे मधेच थांबली तरी लिफ्ट तीच. दिशा उलटल्याशिवाय तुकडा पाडायचा नाही. नवशिक्यांच्या छोट्या उतारावर, जिथे मॅजिक कार्पेट नावाचा सरकता पट्टा असतो, हा उंबरठा मोठा पडतो. तिथे तो दहा मीटरवर आणा, पण बॅरोमीटर असेल तरच.

गुलमर्ग या बाबतीत कडक परीक्षा घेतं, म्हणून तुम्ही ते निवडलंत याचा मला आनंद आहे. गोंडोलाचा (तारेवरून जाणाऱ्या बंद डब्यांच्या लिफ्टचा) पहिला टप्पा सुमारे २६५० मीटरवरून कोंगदूरीच्या मधल्या स्टेशनाला नेतो, दुसरा अफरवत डोंगराच्या खांद्यावर, साडेएकोणचाळीसशे मीटरच्या आसपास. तिथून खाली पिस्ट, म्हणजे आखून तयार केलेले स्कीचे मार्ग, जवळजवळ नाहीत, मोकळा डोंगर आहे. आता तीन प्रसंग डोळ्यांपुढे आणा.

पहिला: हवा बिघडली, माणूस घाबरला किंवा दमला, आणि गोंडोलानेच खाली आला. उंची उतरतेय, वेगही स्कीच्या आसपास. साधं अॅप याला दिवसातला सर्वात लांब रन म्हणेल. इथे आडव्या हालचालीकडे बघा. गोंडोलाचा वेग एकसारखा असतो, मार्ग सरळ असतो, जायरोस्कोप (फोनचं वळणं-फिरणं मोजणारा सेन्सर) शांत असतो. स्की करणारा सतत डावी-उजवी वळणं घेतो आणि ती वळणं फोनमध्ये स्पष्ट लय म्हणून दिसतात. ‘लिफ्टच्या रेषेजवळ आहे म्हणजे लिफ्टच’ एवढं पुरत नाही, कारण बऱ्याच ठिकाणी लिफ्टच्या तारांखालूनच उतरतात. जवळीक, एकसारखा वेग आणि शांत जायरोस्कोप, तिन्ही एकत्र हवं.

दुसरा: माणूस झाडांतून बाबारेशी किंवा टंगमर्गच्या बाजूला उतरतो आणि टॅक्सीने वर येतो. चढण आहे, पण लिफ्ट नाही. रस्ता वळणावळणाचा, वेग कधी वीस तर कधी पाच. याला ‘वाहन’ अशी वेगळी अवस्था द्या, नाहीतर तिथे नसलेलीच लिफ्ट अॅप दाखवेल.

तिसरा: स्कीच्या तळाला ‘स्किन’ नावाच्या केसाळ पट्ट्या लावून पायी चढणारे. त्यांची चढण तासाला तीन-चारशे मीटर. गोंडोला तेवढं काही मिनिटांत चढते. वेगळं करणं सोपं आहे, पण त्यांची चढण ही मेहनत आहे, लिफ्ट नव्हे. अॅपने ती मोठ्या अक्षरांत दाखवावी. या लोकांना कोणी मोजत नाही आणि तेच सर्वात निष्ठेने अॅप वापरतात.

हे सगळं त्याच क्षणी अचूक ठरवायचा हट्ट धरू नका. रन सुरू झालाय की नाही हे तीस सेकंदांनी जास्त चांगलं कळतं, आणि संध्याकाळी तर अख्खा दिवस समोर असतो. पडद्यावरचा आकडा कच्चा ठेवा. नोंद थांबवल्यावर पूर्ण दिवस पुन्हा मोजून पक्का करा. त्यासाठी कच्चा डेटा जपा. सात तासांत दर सेकंदाला एक या हिशोबाने २५,२०० नोंदी होतात, म्हणजे एक-दोन एमबी. सेकंदाला २५ वेळा घेतलेलं त्वरणमापकाचं वाचनही, प्रत्येक आकड्याला दोन बाइट दिले, तर चार एमबीच्या आत बसतं. एवढी जागा तर दोन-तीन फोटोच खातात. हा डेटा असला की मार्चमध्ये सुधारलेली पद्धत जानेवारीच्या दिवसांनाही लावता येते. पहिल्या हिवाळ्यात मी फक्त निकाल साठवला, कच्चा डेटा टाकून दिला. चूक सापडली तेव्हा लोकांचे शेकडो दिवस दुरुस्त करायला हातात काहीच नव्हतं. त्याची खंत अजून आहे.

वेगाबद्दल मला जास्त कळकळीने सांगायचं आहे. दुसऱ्या हिवाळ्यात नाशिकचे एक निवृत्त शिक्षक, वय एकसष्ट, आयुष्यात पहिल्यांदा स्की शिकले. आठवडाभर नवशिक्यांच्या उतारावर पडत-उठत शेवटी एकदाचे न पडता खालपर्यंत आले. आमच्या अॅपने त्यांना ‘सर्वोच्च वेग ताशी ९४ किलोमीटर’ असं लिहून दिलं. त्यांनी मला फोन करून शांतपणे विचारलं, ‘‘मॅडम, हे मी नातवाला कसं दाखवू? हे खरं नाही.’’ त्यांचा खरा पराक्रम आमच्या खोट्या आकड्याने झाकला गेला होता.

चूक अशी होती की आम्ही दोन ठिकाणांमधलं अंतर भागिले वेळ असा वेग काढत होतो. स्टेशनच्या पत्र्याखाली किंवा झाडीत जीपीएसचा एक ठिपका वीस मीटर उडाला की वेग गगनाला भिडतो. जीपीएस चिप मात्र उपग्रहाच्या लहरींच्या वारंवारतेत पडलेल्या फरकावरून, म्हणजे डॉप्लर परिणामावरून, वेग थेट मोजते आणि तो ठिकाणापेक्षा खूप भरवशाचा असतो. दोन्ही सिस्टीम तो देतात, सोबत त्याची अचूकताही. तोच घ्या. अचूकता सेकंदाला १ मीटरपेक्षा वाईट असेल तर तो क्षण सर्वोच्च वेगासाठी धरू नका, आणि सलग तीन सेकंद टिकला तरच नोंदवा. भान राहावं म्हणून सांगते: स्कीवरचा जागतिक विक्रम ताशी २५५.५ किलोमीटर, फ्रान्समधल्या वार्सला सिमोन बिली याने मार्च २०२३ मध्ये केलेला. हौशी माणूस बहुतेक वेळ तीस ते साठमध्ये असतो. तुमच्या यादीत १३० दिसला तर आधी स्वतःवर शंका घ्या.

आणि वेगाची क्रमवारी लावू नका. मागणी नक्की येईल. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या दहा नियमांपैकी दुसराच नियम वेग आपल्या ताब्यात, आपल्या कौशल्याला आणि बर्फाला साजेसा ठेवण्याचा आहे. तुमचं अॅप एखाद्या विशीतल्या मुलाला गर्दीच्या उतारावर सरळ खाली सुटायला लावत असेल, तर त्याच्या खाली शिकत असलेल्या पोरीचा विचार करा. उतरण, दिवसांची संख्या, नवीन उतार यांची स्पर्धा लावा, खुशाल.

अंतर: फक्त रनच्या आतलं मोजा, थांबलेल्या वेळचं सोडून द्या. पुरे.

आता बंद पडलेले फोन. लिथियम बॅटरी थंड झाली की तिचा अंतर्गत रोध वाढतो. कॅमेरा उघडला, पडदा उजळला, की व्होल्टेज एकदम खाली येतं आणि चाळीस टक्के दाखवणारा फोनही डोळे मिटतो. अॅपल स्वतः आयफोनसाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस हीच मर्यादा सांगते. अॅपला बॅटरी गरम करता येत नाही, पण तीन गोष्टी करता येतात. फोन आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा असं सकाळीच सांगायचं. लिफ्टवर जीपीएस दर पाच सेकंदांनी आणि जेवणाच्या वेळी अगदी क्वचित घ्यायचा. बॅरोमीटर चालू ठेवला तर पुन्हा उतरायला लागल्याचं तोच सांगतो. आणि प्रत्येक काही सेकंदांनी नोंद एसक्यूलाइटमध्ये (फोनमधल्याच छोट्या डेटाबेसमध्ये) लिहून टाकायची, म्हणजे फोन गेला तरी दिवस जात नाही. चालू झाल्यावर अॅपने तोच दिवस पुढे न्यावा, नवीन सुरू करू नये.

पण दोनपैकी एखादा फोन बंद न पडता फक्त नोंद थांबली असण्याची शक्यताही तपासा. आयफोनवर लोकेशन आपोआप थांबवण्याची सोय मुळात चालू असते. माणूस जेवायला बसला की ती थांबवते आणि पुढे गपचूप थांबलेलीच राहते. ती बंद करा. अँड्रॉइडवर लोकेशन प्रकारची फोरग्राउंड सर्व्हिस (पडदा बंद असतानाही चालू राहणारं अॅपचं काम) हवी, कायम दिसणाऱ्या सूचनेसह; अँड्रॉइड १४ पासून प्रकार जाहीर करणं सक्तीचं आहे. ही सर्व्हिस अॅप समोर असताना, वापरकर्त्याने बटण दाबल्यावर सुरू केलीत, तर ‘कायम लोकेशन’ची परवानगी मागावीच लागत नाही, आणि प्ले स्टोअरच्या तपासणीतला मोठा अडथळा टळतो. काही कंपन्यांचे फोन तरीही पार्श्वभूमीतली अॅप्स मारतात. त्यासाठी बॅटरी सेटिंगचा सचित्र मार्ग द्या. फ्लटर पडद्यांसाठी ठेवा, पण नोंदीचं इंजिन कोटलिन आणि स्विफ्ट या अँड्रॉइड आणि आयफोनच्या स्वतःच्या भाषांमध्ये लिहा. या एका ठिकाणी मी तडजोड करत नाही.

पडद्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही: जाड हातमोजे आणि डोळे दिपवणारं ऊन. सकाळी एक मोठं बटण, दिवसभर फोन खिशात. स्की की स्नोबोर्ड हे सेन्सरवरून ओळखायच्या नादी लागू नका, विचारा. एवढं मात्र लक्षात ठेवा की स्नोबोर्डवाले लिफ्टवरून उतरून बर्फात बसतात आणि बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डाला जखडणारे पट्टे, आवळतात. तो वेळ त्यांच्या रनमध्ये धरलात तर त्यांचा सरासरी वेग विनाकारण पडतो.

नकाशासाठी ओपनस्ट्रीटमॅपमध्ये लिफ्ट आणि पिस्ट काठिण्यासह नोंदलेल्या आहेत. युरोपात माहिती भरपूर, आपल्याकडे विरळ. काळ्या रंगाचा अर्थ युरोपात आणि अमेरिकेतही अवघड असाच आहे, पण युरोपात लाल पिस्ट असते आणि अमेरिकेत नसते, म्हणून रंग साच्यात कायमचे कोरू नका. काश्मीर दाखवताना सीमारेषा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच हव्यात. तयार टाइल्समध्ये (नकाशाच्या आयत्या तुकड्यांमध्ये) त्या तशा नसतात, सीमेचा थर स्वतःच्या हातात ठेवा. नकाशा आधीच उतरवून घ्यायची सोय हवी, कारण बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही आणि तुमच्या बऱ्याच वापरकर्त्यांकडे तेच असेल.

सार्वजनिक हीटमॅप, म्हणजे सगळ्या वापरकर्त्यांचे मार्ग एकत्र दाखवणारा नकाशा, मुळात बंद ठेवा. स्ट्राव्हा या व्यायामाची नोंद ठेवणाऱ्या अॅपच्या हीटमॅपमधून लष्करी तळ उघडे पडल्याचं जानेवारी २०१८ मध्ये जगाने पाहिलं. गुलमर्गला सैन्याचं हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल आहे आणि नियंत्रण रेषा लांब नाही.

आणखी एक सूचना अॅपच्या पहिल्याच पानावर टाका. मोकळ्या डोंगरावर उतरणारे हिमस्खलनात शोध लागावा म्हणून ४५७ किलोहर्ट्झवर चालणारा ट्रान्सीव्हर अंगावर बांधतात. फोन त्याच्या संदेशात अडथळा आणतो. एरवी दोघांत किमान २० सेंटिमीटर अंतर हवं, शोध चालू असताना ५०. ‘फोन अंगाजवळ ठेवा’ असं आपणच सांगतो, तर ‘ट्रान्सीव्हरच्या शेजारी नाही’ हेही आपणच सांगायला हवं. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवतवर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू गेले. ही ओळ लिहिताना माझ्यापुढे तो डोंगर असतो.

जानेवारीपर्यंत थांबू नका, बर्फाशिवायही बरंच तपासता येतं. रायगडाच्या रोपवेने वर जा, थोडं थांबा, रोपवेनेच खाली या: गोंडोलाने उतरणाऱ्या माणसाची हुबेहूब नोंद मिळेल, आणि तुमच्या अॅपने तिला रन म्हटलं नाही पाहिजे. सिंहगडाचा घाटरस्ता गाडीने चढा आणि सायकलने उतरा: ‘वाहन’ आणि वळणांची उतरण दोन्ही हाती येतील. या नोंदी साठवा आणि प्रत्येक बदलानंतर त्यांच्यावर अॅप पुन्हा चालवून बघा.

गुलमर्गला पहिले दोन दिवस फक्त पहिल्या टप्प्यावर राहा. तिघांपैकी एकाने स्की करू नये. त्याने खाली वही घेऊन प्रत्येकाची लिफ्ट किती वाजता सुटली आणि माणूस किती वाजता खाली आला, हे हाताने लिहावं. प्रत्येकाच्या दोन खिशांत दोन फोन असू द्या, एक बॅरोमीटरवाला, एक बिनबॅरोमीटरचा. रात्री वही आणि फोन शेजारी ठेवून एकेक रन ताडून बघा. जो रन जुळत नाही त्याची कच्ची फाइल मला पाठवा, मी बघते.